ट्रायथलॉनच्या तयारीतला मुंबईचा सायकल-आठवडा

पहिली ट्रायथलॉन म्हणून बहुतेक जण स्प्रिंट अंतर निवडतात: ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. धास्ती पाण्याची असते, पण घड्याळ लावून बघितलं तर जवळपास निम्मा वेळ सायकलवर जातो. तरीही मुंबईत रहदारीच्या भीतीनं पुष्कळ जण सायकल घरातल्या ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, चढवून ठेवतात. त्यानं पाय तयार होतात. वळण घेणं, खड्डा चुकवणं, वाऱ्याला तोंड देणं, चालू सायकलवर बाटली काढून पिणं यातलं काहीच अंगवळणी पडत नाही. शिवाय भिंतीकडे बघत पायडल मारायचा कंटाळा येतो आणि सराव सुटतो.

या शहरात सपाट रस्ता आहे, टेकडी आहे, झाडीतला चढउतार आहे आणि खाडीपल्याड मोकळा रस्ता आहे. ज्या रस्त्याच्या अंगात जे आहे ते काम त्याला द्यायचं, म्हणजे सराव आणि सहल एकाच खेपेत होतात. खाली जानेवारीतला एक आठवडा दिवसाच्या क्रमानं दिला आहे. दोन महिने सायकल चालवून २५ किलोमीटरपर्यंत पोचलेल्या माणसाला तो झेपतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच इथला खरा हंगाम. एरवी दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही आणि त्याच वेगाला नाडी जास्त पळते.

एक गोष्ट आधीच ध्यानात असू द्या. वांद्रे-वरळी सागरी सेतू, कोस्टल रोड, ईस्टर्न फ्रीवे आणि अटल सेतू या चारही ठिकाणी सायकलला मनाई आहे. फोनवरचा नकाशा मोटारीचा रस्ता सुचवतो, त्यामुळे मार्ग आदल्या रात्री स्वतः ठरवून ठेवावा.

सोमवार: सायकल घरात

आज पायांना सुट्टी, सायकलची तपासणी. सॅडलची उंची आधी बघा. भिंतीला टेकून बसायचं, पायडल सर्वात खाली आणायचं आणि त्यावर टाच ठेवायची. पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. मग तळपायाचा पुढचा भाग पायडलवर आला की गुडघा आपोआप हवा तेवढाच वाकतो. सॅडल खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं. फार वर असेल तर कंबर डावी-उजवी डुलते आणि गुडघ्याच्या मागे ओढ बसते. बदल करायचा तो एका वेळी ५ मिलिमीटरचा, त्याहून जास्त नको.

हवा भरताना टायरच्या कडेवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, गाठायचं लक्ष्य नव्हे. ७० किलोच्या माणसाला २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये मागे ७५ आणि पुढे ७० पीएसआय पुरतात. २५ मिलिमीटरला मागे ९०, पुढे ८५. हायब्रिडच्या ३५ मिलिमीटर टायरला ५० ते ५५. आपल्या रस्त्यांवर टणक टायर वेग वाढवत नाही, फक्त मनगटं हलवतो.

चेन समुद्राच्या हवेत लवकर गंजते. कोरड्या फडक्यानं पुसून प्रत्येक रोलरवर एकेक थेंब तेल सोडायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि बाहेरचं तेल परत पुसून घ्यायचं. तेल आत लागतं. बाहेर राहिलं तर धूळ धरून दातांना घासत बसतं. चेन झिजली का ते साध्या पट्टीनं कळतं: एका पिनेच्या मध्यापासून पुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर हवी. इंचाचा सोळावा भाग जास्त भरला तर चेन बदला. पुढे ढकललीत तर मागची कॅसेटही, म्हणजे दातेरी चकत्यांचा संचही, खराब होते आणि खर्च कितीतरी वाढतो.

हँडलच्या दोन्ही टोकांना बुचं आहेत ना, तेही आजच बघावं. उघड्या नळीचं हँडल शर्यतीच्या तपासणीत चालत नाही आणि पडल्यावर ती नळी पोटात घुसू शकते.

मंगळवार: मरीन ड्राइव्ह आणि मलबार हिल

पहाटे साडेपाचला नरिमन पॉइंटला, एनसीपीए नाट्यगृहाच्या टोकाला. सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो, म्हणून पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच. मरीन ड्राइव्ह साधारण ३.६ किलोमीटर. चौपाटीपर्यंत जाऊन परत आलं की सात किलोमीटरची एक फेरी होते आणि तीन फेऱ्यांत स्प्रिंटचं सायकल-अंतर भरतं.

पहिली फेरी हलक्या गिअरवर. उजवा गुडघा १५ सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजा. २२ ते २४ आले तर लय मिनिटाला पायडलच्या ९० फेऱ्यांच्या आसपास आहे. नवखा माणूस जड गिअर घालून ६०-६५ च्या लयीवर रेटतो. त्या क्षणी दमदार वाटतं, पण मांड्या भरून येतात आणि पुढच्या धावण्याला काही उरत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत चार मिनिटं जोरात आणि तीन मिनिटं हलकं, असं चार वेळा. जोरात म्हणजे तीन-चार शब्दांपलीकडे वाक्य जाऊ नये इतकं. सिग्नल लाल झाला तर तो डाव तिथेच संपवून थांबायचं. सरावासाठी सिग्नल तोडण्याला कुठलंही समर्थन नाही.

या रस्त्याचा बाक हीच इथली खरी गंमत. दर काही मिनिटांनी वारा अंगाला वेगळ्या बाजूनं लागतो. नरिमन पॉइंटहून निघताना पाठीशी वाटणारा वारा चौपाटीजवळ बाजूनं येतो. वेगाचा आकडा खालीवर होतो, श्वास मात्र तोच ठेवायचा. शर्यतीत हेच कौशल्य सर्वात जास्त कामी येतं आणि हा रस्ता ते फुकटात शिकवतो. डावीकडे दिव्यांची रांग, पलीकडे काळा समुद्र. सात वाजले की फिरायला आलेली माणसं रस्ता ओलांडू लागतात, म्हणून जोराचे डाव साडेसहाच्या आत संपवावेत.

धोके ठरलेले आहेत. उभ्या टॅक्सीचं दार उघडतं, म्हणून बाजूनं एक मीटर अंतर. चौपाटीजवळ डांबरावर वाळू असते, तिथे वळणात ब्रेक लावला की मागचं चाक सरकतं. कोस्टल रोडच्या बोगद्याकडे जाणारी लेन वेळेत सोडून डावीकडे यायचं. यू-टर्न घेताना आधी मागे बघायचं, हात दाखवायचा, वेग आणि गिअर दोन्ही वळणाच्या आधी उतरवायचे आणि वळणाच्या आतल्या बाजूचं पायडल वर ठेवायचं. ते खाली राहिलं तर रस्त्याला घासतं आणि माणूस पडतो. शर्यतीचा मार्ग फेऱ्यांचा असला तर असे यू-टर्न घ्यावेच लागतात.

तिसऱ्या फेरीला परतीचं वळण न घेता चौपाटीवरून वाळकेश्वरच्या रस्त्यानं तीनबत्तीपर्यंत आणि तिथून उजवीकडे कमला नेहरू पार्कपर्यंत चढ घ्यायचा. उंची पन्नासेक मीटर, पण मुंबईकर पायांना ती पुष्कळ आहे. गिअर चढ सुरू होण्याआधी बदला. जोर लागलेला असताना गिअर टाकला तर चेन कडकडते, उतरते, कधी तुटते. पुढे लहान चाकी, मागे २८ किंवा ३२ दात, बसूनच चढायचं, हात हँडलवर सैल. उतरून पुन्हा एकदा. राजभवनाच्या झाडीतून पहाटे मोर ओरडतात, आणि पार्काशी म्हातारीच्या बुटाजवळ पाणी प्यायला थांबावं. खाली सगळी मरीन ड्राइव्ह उजळत असते. उतरताना दोन्ही ब्रेक एकत्र, पण वळणाच्या आधी. वजन थोडं मागे, नजर चाकावर न ठेवता वळणाच्या शेवटाकडे.

बुधवार

पोहण्याचा तलाव, सायकल नाही.

गुरुवार: आरे

गोरेगावच्या नाक्यापासून आरेतून पवई-मरोळच्या बाजूपर्यंतचा मुख्य रस्ता सुमारे सात किलोमीटरचा आहे. दोनदा जाऊन-येऊन २८ होतात. महामार्गावरून आत वळल्या वळल्या हवा गार लागते आणि तबेल्यांचा वास येतो. इथे सपाटी अशी नाहीच, सतत चढउतार.

वेळ मात्र मंगळवारची नको. हा बिबट्याचा इलाखा आहे, त्यामुळे उजाडल्यावरच आत शिरायचं आणि दोघांनी-चौघांनी मिळून. कुत्री मागे लागली तर वेग वाढवण्याचा मोह होतो, पण पळणाऱ्या चाकामागेच ती धावतात. वेग कमी करून मोठ्यानं दरडावायचं, नाहीच ऐकलं तर उतरून सायकल मध्ये ठेवून चालायचं. दव पडलेल्या रस्त्यावर शेण असलं की चाक सहज घसरतं. गाड्यांची वर्दळ आठनंतर वाढते, तोवर बाहेर पडलेलं बरं.

आजचा धडा चढउतारावर जोर सारखा ठेवण्याचा. चढावर उसळून जायचं आणि उतारावर पाय सोडून बसायचं, ही सर्वांची सवय असते. चढावर दम गेला की तो माथ्यावर परत येत नाही. चढाला एक गिअर हलका टाका, माथा ओलांडल्यावर दहा-पंधरा सेकंद तसाच जोर चालू ठेवा आणि उतारावरही पाय फिरते असू द्या. सरासरी वेग यातूनच वाढतो. तीव्र चढाला वीस-तीस पायडल उभं राहून मारावेत. उभं राहण्याआधी एक गिअर जड करायचा, नाहीतर पाय एकदम पोकळीत गेल्यासारखा खाली जातो.

गतिरोधक आणि खड्डे इथे भरपूर. पायडल दोन्ही आडवे, बूड सॅडलवरून दोन इंच वर, कोपर सैल, ब्रेक आधीच सोडलेला. ब्रेक दाबलेल्या स्थितीत पुढचं चाक खड्ड्यात गेलं तर सगळा धक्का रिमवर येतो. हवा कमी असेल तर टायर आणि रिममध्ये ट्यूब चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. अशी जोडचीर दिसली की कारण काच नाही, कमी हवा, हे पक्कं.

निघण्याआधी आणि आल्यावर अंग पुसून वजन करा. घटलेला एक किलो म्हणजे साधारण एक लिटर घाम. त्यात वाटेत प्यायलेलं पाणी मिळवलं की तासाचा हिशेब हाती येतो. मुंबईत जानेवारीतही हा आकडा लोकांना चकित करतो. निव्वळ पाण्यावर भागवू नका, मीठही जातं. लिंबूसरबतात लिटरला पाव चमचा मीठ घालावं. ओआरएसचं मोठं पाकीट एका लिटरसाठी असतं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत पूर्ण ओतलं तर पोट बिघडतं.

बोरिवलीकडच्यांना राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा चढ जवळ पडेल. उद्यान सोमवारी बंद असतं.

शुक्रवार: पंधरा मिनिटं ट्यूबची

दुकानातल्या मेकॅनिकवर विसंबून राहण्याची सोय शर्यतीत नाही. आज घरी मागचं चाक काढून ट्यूब बदलायची. मागचं म्हणतो, कारण जड वजन तिथे असतं आणि पंक्चर बहुतेकदा तिथेच होतं.

गिअर मागच्या सर्वात लहान चकतीवर आणा, ब्रेक सैल करा, चाक काढा. उरलेली हवा सोडा. टायरची कड चारही बाजूंनी दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला, मग ती सहज सैल होते. पहिला लिव्हर (टायर उचकटायची पट्टी) स्पोकला अडकवायचा, दुसरा सरकवत न्यायचा. ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून फडकं फिरवा. ट्रकच्या फाटक्या टायरमधली केसासारखी बारीक तार हा आपल्या रस्त्यांवरचा नेहमीचा शत्रू. ती डोळ्यांना दिसत नाही आणि काढली नाही तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत जाते. नव्या ट्यूबमध्ये गोल होण्यापुरती हवा भरून ती बसवा, व्हॉल्व्हपासून सुरुवात करून टायर अंगठ्यांनी चढवा. शेवटचा वीतभर भाग घट्ट असतो. तिथे लिव्हर वापरला की ट्यूब चिमटते, म्हणून तळव्यांनीच रेटायचं. पूर्ण हवा भरण्याआधी दोन्ही बाजूंनी गोल फिरून ट्यूब कुठे दबली नाही ना ते बघा.

सॅडलखालच्या पिशवीत दोन ट्यूब, दोन लिव्हर, अॅलन कीचा संच आणि फ्रेमला छोटा पंप. ट्यूबच्या व्हॉल्व्हची लांबी आपल्या रिमला पुरते का, हे आजच तपासा.

शनिवार: पाम बीच रोड, सायकल आणि लगेच धावणं

आठवड्यातला हा सर्वात महत्त्वाचा दिवस. वाशीपासून सीबीडी बेलापूरपर्यंतचा पाम बीच रोड नऊ-दहा किलोमीटरचा, रुंद आणि जवळजवळ सपाट. जाऊन-येऊन स्प्रिंटचे २० भरतात. मुंबईतून सायन-पनवेल महामार्गानं खाडीपूल ओलांडून सायकलवर येता येतं, पण अंधारात ट्रकांच्या सोबतीनं येण्यापेक्षा सायकल गाडीवर टाकून आणलेली बरी. इथली मोठी अडचण म्हणजे मोटारींचा वेग. डावी कड धरून एका रांगेत चालवा. उड्डाणपुलांपाशी गाड्या डावीकडे सुटतात तिथे मागे वळून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नेरुळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ तलावाशी मुक्काम ठेवावा. तलावाभोवती धावायला पदपथ आहे. शर्यतीत सायकल आणि सामान ठेवायच्या जागी असते तशी मांडणी एका बाजूला करायची: जमिनीवर टॉवेल, त्यावर धावण्याचे बूट नाड्या सैल करून, हँडलवर उलटं ठेवलेलं हेल्मेट, त्यात गॉगल. क्रम पक्का बसवायचा. हेल्मेट डोक्यावर, पट्टा लावलेला, मगच सायकलला हात. सायकलवर चढण्यासाठी आखलेल्या रेषेपर्यंत ती ढकलत न्यायची, रेषा ओलांडल्यावर बसायचं. परतताना रेषेआधी उतरायचं, सायकल जागेवर टांगायची आणि मगच पट्टा सोडायचा. घाईत पट्टा आधी सुटला तर दंड होतो, म्हणून हा क्रम पाच-सहा वेळा उभ्याउभ्या करून घ्यावा. पहिल्या शर्यतीला आमचं मत साध्या पायडलला आणि धावण्याच्याच बुटांना. सायकलवर थोडा वेग जातो, पण बूट बदलायचा वेळ वाचतो आणि रेषेजवळ बूट पायडलला धरणारी क्लिप न सुटल्यानं पडण्याची भीती राहत नाही.

आता २० किलोमीटर. पहिले पाच हलके, मधले दहा शर्यतीच्या जोरावर, म्हणजे दहापैकी सात. सोबत असेल तरी मागे चिकटून चालवू नका. हौशी स्पर्धकांच्या बहुतेक शर्यतींत दुसऱ्याच्या आडोशानं सायकल चालवायला बंदी असते. आयर्नमॅनच्या शर्यतींत वयोगटांतल्या स्पर्धकांनी पुढच्या सायकलपासून ठेवायचं अंतर १२ मीटर आहे. आपल्या शर्यतीचा आकडा नियमपुस्तिकेत बघावा. हेडफोनही चालत नाहीत, म्हणून सरावातही नकोत. वाटेत खाडीच्या बाजूला फ्लेमिंगोंचे थवे उतरलेले दिसतात. हलक्या किलोमीटरांत नजर तिकडे जरूर जाऊ द्या.

शेवटच्या दीड-दोन किलोमीटरला गिअर हलका करून लय ९५ वर न्या. मग उतरून बूट न बदलता थेट १५ मिनिटं धावा. पहिले काही शे मीटर पाय आपले वाटत नाहीत. सायकलवर कंबर वाकलेली असते, मांड्यांचा ताण एकाच पट्ट्यात बसलेला असतो आणि धावताना तेच स्नायू ताणले जातात. वेग बघू नका, पावलं आखूड ठेवा. किलोमीटरभरात चाल सुधारते. सुधारली नाही तर सायकलवर जोर जास्त झाला. पुढच्या शनिवारी मधल्या दहा किलोमीटरचा एक गिअर कमी करा. सायकलवर थोडा हळू आलेला माणूस धावण्यात तो वेळ परत मिळवू शकतो, म्हणून सायकलचा वेळ एकटा मोजू नये.

रविवार: भाऊचा धक्का, मांडवा, अलिबाग

२०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते आणि तासाभरात पलीकडे पोचवते. सायकल खालच्या वाहनांच्या डेकवर राहते. दोन लवचीक दोऱ्या आणि एक जुना टॉवेल न्यायचा. गिअरची बाजू भिंतीकडे न ठेवता बाहेर ठेवायची आणि फ्रेम जिथे कठड्याला टेकते तिथे टॉवेल लावायचा. परतीची बोट आदल्या दिवशीच ठरवा, रविवारी संध्याकाळी मुंबईकडे गर्दी उलटते.

मांडवा ते अलिबाग साधारण २० किलोमीटर, चोंढीवरून. जाताना स्प्रिंट, येताना धरून ऑलिम्पिक अंतराचे ४०. आज जोर लावायचा नाही. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता याव्यात इतकाच वेग. काल पाय थकलेले असताना आज सावकाश लांब चालवणं हीच सहनशक्तीची खरी कमाई आहे. रस्त्याकडेला नारळी-पोफळीच्या वाड्या, आंब्याची झाडं, गावात चुलींचा धूर. अरुंद वळणांवर एसटी आणि मुंबईच्या मोटारी समोरून येतात, म्हणून गप्पा मारतानाही वळणात एकामागे एकच.

दीड तासाच्या पुढच्या राइडला खाणं लागतं, भूक लागण्याची वाट न बघता. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. एका वेलची केळ्यात १२-१५ ग्रॅम मिळतात, मध्यम आकाराच्या तीन खजुरांत वीसेक ग्रॅम, शिवाय राजगिऱ्याची चिक्की खिशात वितळत नाही. दर २५ मिनिटांनी काहीतरी तोंडात आणि वर पाण्याचे घोट. खाणं चालू सायकलवर काढून बघा: आधी एक हात स्टेमजवळ, म्हणजे हँडलच्या मध्याशी, आणायचा, मग दुसरा सोडायचा. हात हँडलच्या टोकाला ठेवून दुसरा सोडला तर सायकल वळते. शहाळ्यात पोटॅशियम चांगलं असतं पण सोडियम कमी, त्यामुळे अलिबागला शहाळ्याबरोबर खारे शेंगदाणे घ्यावेत. शर्यतीच्या दिवशी जे खायचं तेच आज खायचं.

ओहोटी असेल तर कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं. सायकल मात्र ओल्या वाळूत नेऊ नका, हबमध्ये गेलेली वाळू पुढचे कित्येक दिवस करकरते. भरती-ओहोटीच्या वेळा रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकतात, त्या आधी बघून निघावं.

परतीला दुपारचा समुद्री वारा सुटलेला असतो आणि मांडव्याकडे जाताना तो समोरून किंवा डाव्या बाजूनं येतो. कोपर वाकवून छाती खाली आणा, एक गिअर हलका करा आणि वेग उतरू द्या. घरी आल्यावर सायकल गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं पुसायची, कारण बोटीवरचं खारं तुषार बोल्टवर बसतं. पाइपचा जोरदार फवारा नको, त्यानं बेअरिंगमधलं ग्रीस निघतं. चेन लगेच कोरडी करून तेल द्या, सोमवारपर्यंत थांबलात तर तांबूस झालेली दिसेल. बाटल्या गरम पाण्यानं धुऊन उलट्या घाला. पुढच्या आठवड्यात फक्त रविवारचं अंतर चार किलोमीटरनं वाढवायचं, बाकी सगळं हेच. ज्यांना बोट जमत नाही त्यांनी मार्वेहून मनोरीची छोटी फेरीबोट पकडून गोराई-उत्तनच्या कोळीवाड्यांतून भाईंदरला निघावं.